दादा मशीनवर दोन तासही बसत नाही

पत्र: माझा मोठा भाऊ 46 वर्षांचा आहे. विशीत असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. औषधांवर तो बरीच वर्षं ठीक होता. पाच महिन्यांपूर्वी किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा, चार-चार तासांचं डायलिसिस सुरू झालं. हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडून केलेली रक्तवाहिनी) आहे. दादा दीड-दोन तासांत उठायला बघतो, पाय हलवत राहतो, ‘काढा मला यातून’ म्हणतो. मशीन आपलं रक्त शोषून घेतं असं त्याला वाटतं. एकदा त्याने सुईला हात घातला. त्याचं मूळ वजन 60 किलो, पण दोन डायलिसिसच्या मधे ते पाच किलोपर्यंत वाढतं. लघवी दिवसाला जेमतेम पाव लिटर. गेल्या महिन्यात तीन वेळा तो गेलाच नाही. युनिटमधले म्हणतात, ‘पेशंट को-ऑपरेट करत नाही, झोपेचं औषध देऊन आणा.’ गोळ्या अशा: रिस्पेरिडोन 3 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ (बऱ्याच वर्षांपासून), ट्रायहेक्सीफेनिडिल, आणि मळमळीसाठी दोन महिन्यांपासून मेटोक्लोप्रमाइड. जबरदस्ती करावी का? जेवणात गोळी मिसळून द्यावी का?
– एक बहीण

ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्याची कारणं पुढे येतीलच. पण त्याआधी तुम्ही लिहिलेल्या गोळ्यांच्या यादीकडे बघू. दादाच्या ‘को-ऑपरेट न करण्या’चा बराचसा उलगडा तिथेच होतो असं आम्हाला वाटतं.

रिस्पेरिडोनचं यकृतात रूपांतर होऊन जो पदार्थ तयार होतो, तोही औषधासारखंच काम करतो आणि मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतो. किडनी बंद पडली की तो साठत जातो. म्हणून किडनीचा आजार खूप पुढे गेलेला असताना हे औषध सुरू करायचं झालं, तर 0.5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा इतकं कमी देऊन हळूहळू वाढवतात. दादाला मात्र किडन्या चांगल्या असतानाचाच डोस चालू आहे. म्हणजे गोळी तीच, पण अंगात राहणारं औषध पूर्वीपेक्षा बरंच जास्त असण्याची शक्यता आहे. त्यात मेटोक्लोप्रमाइडची भर पडली. ते मळमळीचं औषध असलं तरी मेंदूत डोपामीन हे रसायन अडवण्याचं काम रिस्पेरिडोनसारखं तेही करतं, आणि तेही किडनी बिघडली की साठतं. ही दोन औषधं एकत्र देणं सहसा टाळतात, डायलिसिसच्या रुग्णात तर नक्कीच. बहुधा एक गोळी मानसोपचारतज्ज्ञांनी लिहिली, दुसरी किडनीच्या डॉक्टरांनी, आणि दोन्ही चिठ्ठ्या कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

या जोडीचा सगळ्यात छळणारा परिणाम म्हणजे अकॅथिसिया. आतून अशी अस्वस्थता येते की माणसाला एका जागी बसवतच नाही. तो पाय हलवतो, उभं राहून या पायावरून त्या पायावर भार टाकतो, फेऱ्या मारतो. विचारलं तर ‘घाबरल्यासारखं होतंय’, ‘आत काहीतरी चाललंय’ असं सांगतो, किंवा नुसता चिडतो. अशा माणसाला चार तास हात न हलवता खुर्चीवर बसायला सांगणं ही शिक्षाच आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आजार उफाळला. मग आजाराचं औषध वाढवलं जातं आणि अस्वस्थता आणखी वाढते. हे चक्र फार वेळा दिसतं.

दुसरी शक्यता रेस्टलेस लेग्जची, म्हणजे पाय सतत हलवावेसे वाटण्याच्या त्रासाची. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये हा त्रास सर्रास आढळतो. फरक ओळखायला आठवडाभर निरीक्षण करा. त्रास मुख्यतः पायातच आहे, संध्याकाळी आणि रात्री आडवं झाल्यावर वाढतो, चाललं की लगेच बरं वाटतं, असं असेल तर ते रेस्टलेस लेग्ज. दिवसभर, उभं असतानाही आणि सगळ्या अंगात चुळबुळ असेल तर अकॅथिसिया. दोन्ही एकत्रही असू शकतात. शरीरातलं लोह कमी असेल तर रेस्टलेस लेग्ज वाढतात, म्हणून फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन तपासायला सांगा. यावर एरवी प्रॅमिपेक्सोलसारखी औषधं देतात, पण ती डोपामीन वाढवतात आणि स्किझोफ्रेनियात भास-संशय उसळवू शकतात. दादाला ती नकोत. गॅबापेंटिन चालतं, पण अगदी थोडं आणि डायलिसिस संपल्यानंतर. ते पूर्णपणे किडनीवाटे जातं, त्यामुळे नेहमीच्या डोसने डायलिसिसचा रुग्ण गुंगतो, झटके देतो, बरळतो.

अकॅथिसियावर पहिला उपाय म्हणजे कारण असलेलं औषध कमी करणं किंवा बदलणं. प्रोप्रॅनोलॉल उपयोगी पडतं, पण डायलिसिसमध्ये बीपी उतरत असेल तर ते जपून द्यावं लागतं. ट्रायहेक्सीफेनिडिल हात थरथरणं आणि अंग ताठरणं यांवर चालतं, अकॅथिसियावर त्याचा फारसा भरवसा नाही. औषध बदलायचं ठरलं तर ओलान्झापिनला किडनीसाठी डोस कमी करावा लागत नाही आणि डायलिसिसमध्ये ते निघूनही जात नाही. मात्र वजन आणि साखर वाढवतं. ॲरिपिप्राझोलही किडनीच्या दृष्टीने सोयीचं, पण अकॅथिसिया त्यानेही होतो. ॲमिसल्प्राइड आणि पॅलिपेरिडोन ही दोन्ही किडनीवर अवलंबून असल्याने सहसा टाळतात. निवड मानसोपचारतज्ज्ञांचीच. तुम्ही स्वतः रिस्पेरिडोन थांबवू किंवा कमी करू नका, कारण अचानक बंद केल्यास जो दादा आज किमान युनिटच्या दारापर्यंत येतो, तो घराबाहेरही पडणार नाही. मेटोक्लोप्रमाइड मात्र याच आठवड्यात दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. त्याऐवजी ओन्डॅन्सेट्रॉन सुचवलं तर आधी ईसीजी काढायला सांगा. ते आणि मानसिक आजाराची बरीच औषधं ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबवतात. डायलिसिसमध्ये पोटॅशियम आणि कॅल्शियम वेगाने बदलत असताना लांबलेलं क्यूटी हृदयाची लय बिघडवू शकतं.

आता पाणी. पाच किलो वाढ म्हणजे पाच लिटर पाणी. मशीनने किती वेगाने पाणी काढावं याला मर्यादा आहे: दर किलो वजनामागे तासाला साधारण 13 मिलिलिटर. 60 किलोच्या माणसासाठी ते तासाला 780, म्हणजे चार तासांत जेमतेम तीन लिटर. पाच लिटर चार तासांत ओढायला गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत पेटके येतात, बीपी कोसळतं, मळमळतं. रिस्पेरिडोन स्वतःही बीपी थोडं उतरवतं. तुमचा दादा नेमका दोन तासांच्या सुमारास उठतो, हे आम्हाला योगायोग वाटत नाही. मग तो लवकर सुटतो, पाणी अंगात राहतं, पुढच्या वेळी ते आणखी जोरात ओढलं जातं आणि त्याला मशीनची आणखी धास्ती बसते. युनिटला सांगा की काही आठवडे पाणी हळू काढा आणि उरलेल्यासाठी आठवड्यातून चौथं सेशन द्या. डायलिसिसच्या द्रावणाचं तापमान 36 अंशांच्या आसपास ठेवलं तर बीपी कमी उतरतं. त्या दिवसाची बीपीची गोळी आधी घ्यायची की नंतर, हेही विचारून घ्या.

दादा एवढं पाणी का पितो, याचा माग रक्ताच्या रिपोर्टमध्ये लागतो. डायलिसिसच्या आधीचं सोडियम बघा. ते 136 ते 140 असेल तर तो मिठामुळे तहानतो आहे: अंगात गेलेल्या 8-9 ग्रॅम मिठाला एक लिटर पाणी लागतंच. अशा माणसाला ‘पाणी कमी पी’ म्हणून काही साधत नाही. मीठ कमी करावं लागतं, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. सोडियम 130 च्या खाली असेल आणि साखर वाढलेली नसेल, तर तो तहानेपलीकडे नुसतं पाणी पितो आहे. स्किझोफ्रेनियात अशी पाणी पिण्याची ओढ अनेकांना असते आणि ती मनाच्या आजाराचा भाग मानून हाताळावी लागते. सोडियम खूपच कमी असेल तर ते एका डायलिसिसमध्ये भराभर वर आणणं मेंदूला घातक असतं. डॉक्टरांना हे माहीत असतं, फक्त रिपोर्ट त्यांच्यासमोर वेळेत गेला पाहिजे.

तहानेचं तिसरं कारण पुन्हा गोळ्यांमध्येच आहे. ट्रायहेक्सीफेनिडिलने तोंड कोरडं पडतं. शिवाय बद्धकोष्ठता होते, आणि किडनी नसलेल्या माणसात थोडं पोटॅशियम आतड्यावाटे जात असतं, तेही अडतं. रिस्पेरिडोन कमी झालं तर ही गोळी लागणारही नाही, हे आवर्जून विचारा. बद्धकोष्ठतेसाठी लॅक्टुलोज चालतं. मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेली जुलाबाची औषधं नकोत.

घरी काय करायचं? रोजचा वाटा ठरवा: दिवसभराची लघवी अधिक 500 ते 750 मिलिलिटर. दादाच्या बाबतीत तो एक लिटरच्या आत येतो. एवढं पाणी रोज सकाळी एका बाटलीत भरून त्याच्याच ताब्यात द्या. आमटी, दूध, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यातूनच वजा. छोटा पेला, बर्फाचे खडे, गार पाण्याच्या चुळा, बिनसाखरेचं च्युइंगम यांनी कोरड्या तोंडाला आराम पडतो. नळांना कुलपं लावू नका आणि मागे मागे फिरू नका. संशयी माणूस मग न्हाणीघरातलं पाणी पितो, आणि ते मोजताही येत नाही. रोज सकाळी एकाच काट्यावर, सारख्याच कपड्यांत वजन करून भिंतीवर लिहा. दोन डायलिसिसच्या मधे अडीच किलोच्या आत वाढ, हे पहिलं ध्येय पुरे.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. मूळ वजन, ज्याला युनिटमध्ये ड्राय वेट म्हणतात, ते कायमचं नसतं. मानसिक आजाराच्या औषधांनी खरोखरची चरबी वाढते. ड्राय वेट जुनंच राहिलं तर मशीन नसलेलं पाणी ओढतं आणि रुग्ण पेटक्यांनी कळवळतो. उलट दादाने महिनाभर धड खाल्लं नाही तर मांस झडतं, काटा 60 दाखवतो, पण त्यात दोन लिटर पाणी लपलेलं असतं आणि रात्री आडवं पडल्यावर दम लागतो. औषध बदललं, भूक बदलली, की ड्राय वेट पुन्हा ठरवायला सांगा.

मशीन रक्त शोषतं, या समजुतीशी वाद घालू नका. पण खरी माहिती द्यायला हरकत नाही, कारण निम्मी भीती न सांगितल्यामुळे असते. कोणत्याही क्षणी शरीराबाहेर साधारण 150 ते 250 मिलिलिटर रक्त असतं आणि शेवटी ते परत आत सोडलं जातं. सिस्टरांनी हे परत सोडणं त्याला दाखवावं. मधेच उठला तर मात्र तेवढं रक्त नळ्यांत अडकून वाया जाऊ शकतं, म्हणजे जी भीती आहे तीच खरी होते, आणि हेही शांतपणे सांगता येतं. दर वेळी तीच खुर्ची, शक्यतो तीच सिस्टर, सकाळची पहिली पाळी. हात लावण्याआधी ‘आता सुई टोचते’ असं सांगणं. ‘दोन तासांनी थांबायचं असेल तर सांग, आम्ही नीट काढू’ असा शब्द देणं आणि तो पाळणं. शेवटचा मुद्दा युनिटला पटवणं जड जातं. पण दोन तासांचं नीट संपवलेलं डायलिसिस हे न झालेल्या चार तासांपेक्षा कधीही चांगलं, आणि दोनाचे अडीच, अडीचाचे तीन करता येतात. कानाला हेडफोन चालतील. नळ्या त्याच्या नजरेआड राहतील अशी बैठक ठेवा.

मात्र हात झाकायचा नाही. फिस्टुलाचा हात कधीही पांघरुणाखाली नको, ही अट पक्की ठेवा. पंप मिनिटाला 300 मिलिलिटर वेगाने चालतो. रक्त परत नेणारी सुई निघाली तर चार-पाच मिनिटांत लिटरभर रक्त सांडतं, आणि सुई निघूनही मशीनचा अलार्म वाजेलच असं नाही, कारण दाब पुरेसा उतरत नाही. दादाने एकदा सुईला हात घातला आहे, म्हणून त्याची खुर्ची सिस्टरांच्या टेबलासमोरच हवी, टेप जास्त आणि नीट लावलेली हवी, नळीला थोडी ढील देऊन ती हातालाच टेपने चिकटवलेली हवी. सुईजवळ ठेवायचा ओलावा ओळखणारा सेन्सर युनिटकडे असेल तर मागा. हात बांधून डायलिसिस करणं हा मार्ग नाही. ओढाताणीतच सुई निघते, आणि पुढच्या वेळी माणूस येत नाही.

झोपेच्या औषधाबद्दल. अंगावर गुंगी असताना बीपी उतरल्याचं, छातीत दुखल्याचं, सुई सैल झाल्याचं रुग्ण सांगू शकत नाही. श्वासही मंदावतो. एखाद्या कठीण दिवशी, दादाला सांगून आणि डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेली लोराझेपामची लहान गोळी वेगळी. दर खेपेला गुंगवून आणणं वेगळं. जेवणात चोरून मिसळणं तर मुळीच नको. ते कधी ना कधी कळतं, आणि ज्याला विष घातल्याचा संशय आधीच येतो, त्याचा संशय तुम्ही खरा करून दाखवता. मग जेवणही सुटतं.

जबरदस्तीच्या प्रश्नात एक फरक ध्यानात ठेवा. स्किझोफ्रेनिया आहे म्हणजे डायलिसिसबद्दल ठरवण्याची क्षमता नाही, असं आपोआप होत नाही. क्षमता त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती बघतात: माहिती समजते का, ती आपल्याला लागू आहे हे पटतं का, फायदे-तोटे तोलता येतात का, निर्णय सांगता येतो का. ‘पेटके सहन होत नाहीत’ म्हणून नकार देणारा आणि ‘मशीनमधून ते माझे विचार काढून घेतात’ म्हणून नकार देणारा, या दोघांना एकच उत्तर नाही. पहिल्याचे पेटके थांबवा. दुसऱ्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच दिवशी बघायला हवं. दादा बरा असतो त्या दिवसांत त्याच्याशी बोलून कागदावर लिहून ठेवा: नकार दिला तर कोणाला बोलवायचं, कोणती गोळी चालेल, कोणी हात लावलेला चालत नाही, जीवावर बेतलं तर काय करावं. त्याची सही घ्या, एक प्रत युनिटमध्ये, एक मानसोपचारतज्ज्ञांकडे. आणि कधी सगळे उपाय होऊनही, शांत मनाने, पुन्हा पुन्हा तो डायलिसिस नको म्हणाला, तर ते ऐकून घेण्याची आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांबद्दल बोलण्याची तयारी डॉक्टरांची असली पाहिजे.

एखादी खेप चुकलीच तर भांडण न करता त्याच दिवशी युनिटला फोन करून दुसऱ्या दिवशीची जागा मागा. तोवर पाणी निम्मं, आणि पोटॅशियम वाढवणारी केळी, बटाटा, टोमॅटो, संत्री, फळांचे रस बंद. आठवड्यातला दोन दिवसांचा खंड मुळातच जोखमीचा असतो. त्याला लागून येणारी खेप कधीही चुकू देऊ नका. पाय गळाल्यासारखे होणं, छातीत धडधड किंवा ठोके चुकणं, आडवं पडल्यावर दम लागणं, यांपैकी काहीही झालं तर थेट तातडीच्या विभागात न्या आणि दारातच सांगा: ‘डायलिसिसचा पेशंट आहे, खेप चुकली आहे, पोटॅशियम आणि ईसीजी बघा.’ मानसिक आजाराचं नाव आधी घेतलं की पुष्कळदा तपासणी मागे पडते, म्हणून क्रम हाच ठेवा.

तसंच, दादा अचानक वेगळा वागू लागला तर सगळं स्किझोफ्रेनियावर ढकलू देऊ नका. त्याचे नेहमीचे आवाज, नेहमीचे संशय तुम्हाला ओळखीचे आहेत. दिवस-रात्रीचा घोळ, तासातासाला बदलणारी शुद्ध, डोळ्यांना दिसणारे नवे भास, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं, ताप, एका बाजूची कमजोरी, ही शरीरातून आलेली लक्षणं आहेत. साखर उतरणं, सोडियम कमी होणं, जंतुसंसर्ग, डायलिसिस पुरेसं न होणं, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन चालू असताना पडून डोक्यात झालेला रक्तस्राव, जेवण कमी झाल्याने थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) घटणं, अशी कारणं शोधावी लागतात. नवं औषध सुरू झालं होतं का, हेही बघा: नागिणीवरचं असायक्लोविर, सेफेपिम हे अँटिबायोटिक, स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन, यांचा डोस डायलिसिसच्या हिशोबाने दिला नाही तर धडधाकट मनाचा माणूसही भ्रमिष्ट होतो.

दादासारखाच रुग्ण घरी असलेल्या, पण लिथियम चालू असलेल्या वाचकांसाठी एवढंच: लिथियम डायलिसिसमध्ये निघून जातं आणि मधल्या दिवसांत अजिबात जात नाही. म्हणून लघवी होत नसलेल्या रुग्णाला ते रोज न देता प्रत्येक डायलिसिसनंतर एकदा देतात आणि रक्तातली पातळी पुढच्या डायलिसिसच्या आधी तपासतात. रोजची गोळी तशीच चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.

पोटाचं डायलिसिस (पोटात नळीने द्रावण सोडून रक्त शुद्ध करणं) दादाला जमेल का, असा विचार मनात येईल. खुर्ची, सुया, रक्त यांपैकी काही नाही, रात्री मशीनवर आठ-दहा तास झोपेत होतं. पण रोज हात धुऊन, मास्क लावून नळी जोडणारं भरवशाचं माणूस घरात हवं, आणि नळीशी खेळलं तर पोटात जंतुसंसर्ग होतो. आधी वरची दुरुस्ती करून दोन महिने बघा; तरी खुर्ची सोसत नसेल तर हा पर्याय जरूर मागा.

घरात फिस्टुलातून रक्त सुरू झालं तर काय करायचं हे सगळ्यांना शिकवून ठेवा: जिथून रक्त येतं नेमक्या त्या जागी गॉजची छोटी घडी ठेवून बोटाने घट्ट दाबायचं, हात वर धरायचा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. टॉवेलवर टॉवेल गुंडाळायचे नाहीत, खाली रक्त वाहत राहतं आणि दिसत नाही. दोरी आवळायची नाही. गॉजचं पाकीट आणि गोळ्यांची ताजी यादी दाराजवळच्या खिळ्याला एका पिशवीत टांगून ठेवा.